डॉक्टर अफ्रा: जुन्या वस्तूंची जाणकार, आणि पक्की लबाड

'स्टार वॉर्स'मधली बाई म्हटली की डोळ्यांपुढे राजकन्या येते, नाहीतर योद्धा. डॉक्टर चेली लोना अफ्रा यातली कोणीच नाही. ती पुरातत्त्वाची डॉक्टर आहे, डोक्यावर कर्ज आहे, तोंडात कायम थाप तयार आहे, आणि जिवावर बेतलं की बरोबरच्या माणसाला पुढे ढकलून स्वतः निसटते. मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनाची तिच्या नावाची चित्रकथा-मालिका (डिसेंबर २०१६ ते डिसेंबर २०१९, ४० अंक, सात खंड) मी संपवली. आकाशगंगेतल्या साहसकथा आवडणाऱ्या आणि वळणदार इंग्रजी वाचायची तयारी असणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी असं मनापासून वाटतं.

मी चाळीसगावात इतिहास शिकवते. पाटणादेवीला मुलांची सहल नेते, तिथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या शिलालेखाची गोष्ट सांगते. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून काढलेल्या मठाची नोंद त्या दगडावर कोरली गेली, आणि सुमारे साडेसहाशे वर्षांनी डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. आमच्याच भागात गुप्तधनाच्या नादाने जुन्या देवळांभोवती खड्डे खणणारेही आहेत. दगड वाचता येणारी माणसं वेगळी आणि तो फोडणारी वेगळी, अशीच माझी समजूत होती. अफ्रामध्ये ही दोन्ही माणसं एकाच कातडीत राहतात. तिला जुनी लिपी वाचता येते, अवशेषाचं मोल कळतं, आणि ते कळतं म्हणूनच तिला त्याचा भावही बरोबर ठरवता येतो. सापडलेलं जुनं शस्त्र संग्रहालयात ठेवावं असं तिच्या मनातही येत नाही. ते पुन्हा चालू करून बघायचं, हा तिचा आनंद.

तिला घडवलं लेखक किएरॉन गिलेन आणि चित्रकार साल्वादोर लारोका यांनी. २०१५च्या 'डार्थ व्हेडर' मालिकेच्या तिसऱ्या अंकात ती पहिल्यांदा आली, तीही आकाशगंगेवर राज्य करणाऱ्या साम्राज्याचा निर्दय सेनापती डार्थ व्हेडर याची नोकर म्हणून. वाचायला सुरुवात तिथूनच करा, कारण त्याच मालिकेच्या पंचविसाव्या अंकातला एक प्रसंग त्याशिवाय कळणार नाही. (पुढचा परिच्छेद कथा उघड करतो. नको असेल तर सोडा.)

काम संपलं की व्हेडर आपल्याला मारणार, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. म्हणून ती आधीच त्याला सांगून ठेवते की मरण यायचंच असेल तर तलवारीच्या एका घावात यावं. यानातून बाहेर पोकळीत फेकलं जाण्याची मात्र आपल्याला फार भीती वाटते. वेळ येते तेव्हा व्हेडर तिला नेमकं तसंच फेकतो. आणि तिला वाचायचा एकमेव मार्ग तोच असतो. समोरच्याचा क्रूरपणा किती पक्का आहे याचा हिशेब मांडून तिने सुटकेची वाट आखलेली असते. ती पानं मी लगेच पुन्हा मागे जाऊन वाचली.

तिची टोळी तर लाजवाब. शिष्टाचार, भाषांतर आणि छळ या तिन्ही विद्यांत पारंगत असलेला ट्रिपल-झीरो हा यंत्रमानव अत्यंत अदबीने बोलतो, आणि त्या अदबीनेच अंगावर काटा येतो. जोडीला बीटी-१ हा दुसरा यंत्रमानव, दिसायला साधा डबा, आत शस्त्रांचं कोठार. शिवाय ब्लॅक क्रसंटन नावाचा वूकी, म्हणजे उंचापुरा केसाळ परग्रहवासी, ज्याचे पैसे तिच्याकडे थकलेत. माझ्या आईने एकदा पानावर नजर टाकून विचारलं, "हाई पोर काय करी राहिनी?" मी म्हटलं, चोरी. आई शेजारी बसून चित्रं बघू लागली. अफ्राच्या मालिकेचा चित्रकार केव्ह वॉकर याची रेषा आहेच तशी. डोक्यावरची ती वैमानिकाची टोपी, गॉगल, आणि थाप मारण्याआधी ओठांच्या एका कडेला येणारं हसू. वाचता न येणाऱ्यालाही कळेल की ही आता खोटं बोलणार.

स्वतःच्या मालिकेत पहिला फास आवळतात तिचे वडील, कोरिन अफ्रा. तेही पुरातत्त्वज्ञ, अमरत्वाच्या मागे लागलेल्या 'ऑर्डू अस्पेक्टू' या प्राचीन पंथाने झपाटलेले. मुलीची डॉक्टरेट अडचणीत आणून ते तिला स्वतःच्या शोधात ओढतात. त्या शोधात जे हाती लागतं त्याचा ती दुसऱ्या खंडात चक्क गुन्हेगारांपुढे लिलाव मांडते, आणि त्याचे परिणाम भयंकर होतात. मला मालिकेची सगळ्यात मोठी ताकद इथे दिसते. अफ्राच्या हुशारीवर आपण खूश असतानाच लेखक त्या हुशारीपायी मेलेली माणसंही दाखवतो. तिच्या आत कुठेतरी सोन्याचं काळीज आहे अशी खोटी आशा तो लावत नाही. तिला पकडायला निघालेली साम्राज्याची अधिकारी मॅग्ना टोल्व्हन तिच्या प्रेमात पडते. दोन बायकांचं हे प्रेम कुठलाही गाजावाजा न करता येतं, आणि त्याची किंमत टोल्व्हनला मोजावी लागते.

गिलेननंतर सूत्रं सायमन स्पुरियरकडे जातात. तुरुंगाचं कथानक मला लांबलेलं वाटलं. चित्रकार बदलत राहतात, त्यामुळे अफ्राचा चेहराही बदलत राहतो. वॉकरची सवय झालेल्या डोळ्यांना ते खटकतं. पण पाचवा खंड चुकवू नका. अफ्रा आणि ट्रिपल-झीरो यांच्या अंगात असे बॉम्ब बसवलेत की दोघं ठरावीक अंतरापेक्षा लांब गेले की स्फोट! एकमेकांचा जीव घ्यायला टपलेल्या दोघांना जोडीनेच पळावं लागतं.

छापील खंड महाग पडतात आणि आमच्याकडच्या दुकानात मिळत नाहीत, मागवावे लागतात. मी पहिले दोन मागवले, बाकीचे टॅबवर वाचले. वॉकरची दोन पानांवर पसरलेली चित्रं मात्र कागदावरच बघावीत. हिंसा बरीच आहे, तेव्हा सातवी-आठवीच्या आतल्या मुलांच्या हाती देऊ नये. २०२०पासूनची अ‍ॅलिसा वाँगची पुढची मालिकाही ४० अंकांची आहे. तिच्यात शिरण्याआधी हे सात खंड वाचलेले बरे, कारण अफ्राचा स्वभाव माहीत असला की सॅना स्टॅरोस या जुन्या प्रेयसीशी होणाऱ्या तिच्या भांडणात खरा रंग भरतो.