मायची उलटी फुंकणी: स्पेसर आठ महिने वापरून काय वाटलं

आधीच सांगतो, मोबाईल-मिक्सरचा रिव्ह्यू नाही हा, प्लास्टिकच्या एका नळकांड्याचा आहे. दाबून औषध सोडायच्या इन्हेलरला, म्हणजे पंपाला, लावायचा स्पेसर, त्यातून ते औषध सावकाश ओढता येतं. मेडिकलवर चारशेच्या आत मिळाला. श्रावणात घेतला, आता चैत्र लागला. वापरतीय माझी माय, वय ६४, केज तालुक्यातल्या गावात राहते, बिडीला आयुष्यात हात लावला नाही तरी सीओपीडी, म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागायचा आजार.

दोन वर्षं आम्ही तालुक्याच्या एका डॉक्टरकडं दमा म्हणून चकरा मारल्या. सुई, सलाईन, दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी परत माळवदाचा जिना चढताना धाप. फुंकायची तपासणी कुणी सांगितलीच नाही, याचा राग अजून जात नाही. शेवटी अंबाजोगाईला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी मशीनमध्ये जोरात फुंकायला लावलं, मग औषध ओढायला देऊन थोड्या वेळानं परत फुंकायला लावलं. आकडा आला ०.५८. म्हणजे पूर्ण दमात जेवढी हवा बाहेर निघते त्यातली निम्म्याहून थोडीच जास्त पहिल्या सेकंदात निघायली, आणि औषध घेऊनसुद्धा हा आकडा ०.७० च्या खाली राहिला की सीओपीडी धरतात. साध्या दम्यात औषधानं नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या होतात, हिच्या झाल्या नाहीत. डॉक्टरांचा पहिला प्रश्न बिडीचा नव्हता, "चूल किती वर्षं?" माय म्हणली, "लगीन झाल्यापसून." म्हणजे चाळीसच्या वर. पऱ्हाट्या, तुराट्या, गवऱ्या आणि खिडकी नसलेलं सैपाकघर. धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर पुण्याच्या डॉ. संदीप साळवींचा लेख लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात २००९ लाच येऊन गेलाय, पण आमच्या तालुक्यापर्यंत काय पोचला नाही बहुतेक.

सुरुवातीला कॅप्सूल टाकून ओढायचं यंत्र दिलं होतं. ते जोरात ओढावं लागतं आणि हिचा जोरच पुरत नव्हता, रोज बघायचो तर निम्मी पावडर कॅप्सूलमध्येच. मग पंप आणि स्पेसर आला. याची रीत बरोबर उलटी, पंप हलवून स्पेसरला लावायचा, एक दाब, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून सावकाश ओढायचं, दहा अंक मोजेपर्यंत दम धरायचा, दुसरा दाब अर्धा-एक मिनिट थांबून. दोन दाब एकदम मारून ओढायचं नाही, आम्ही पहिला आठवडा तेच केलं. मेडिकलवाल्यानं पिशवीत टाकून दिला, दाखवलं काहीच नाही. पुढच्या फेरीला डॉक्टरांसमोर ओढून दाखवलं तेव्हा चूक कळली, त्यामुळं घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी समोर बसून करून दाखवा.

मायनं पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा फिरवून फिरवून बघितला आणि म्हणली, "चाळीस वर्स फुंकणी फुंकली रं, आता ही उलटी फुंकणी." घरात तेच नाव पडलं. याचा एक फायदा असा झाला की धाप लागल्यावर ओठ चंबूसारखे करून हळूहळू श्वास सोडायचा व्यायाम तिला शिकवावाच लागला नाही, "फुंकणी फुंकल्यासारखं, पण जोर न लावता" एवढं म्हणलं की झालं.

आता तक्रारी. पंपावर किती दाब उरले हे दाखवणारा आकडाच नाही. पाण्यात टाकून तरंगतो का बघायचं हा जुना उपाय भरवशाचा नाही, म्हणून नवीन पंप उघडला की मी कॅलेंडरवर तारीख लिहितो. १२० दाब, सकाळी २ संध्याकाळी २, म्हणजे तीस दिवस, संपला. पुढचा एक कायम घरात. दुसरं म्हणजे ऊन. पत्र्याची खोली, वैशाखात आत भट्टी असते आणि पंप गरम जागी ठेवायचा नसतो, तर तो आता देवळीत सावलीला असतो. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवायचा, फडक्यानं आतून पुसला की औषध कडेला चिकटतं. बायकोनं पहिल्यांदा चांगला घासून पुसून चकचकीत करून ठेवला होता, काय बोलणार. आणि पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकायची, कारण यात स्टिरॉइड असेल तर तोंडात पांढरा थर येतो. मायला आला होता, चूळ चुकवायची म्हणून.

"पंपाची सवय लागती" हे गावात निदान वीस जणांनी ऐकवलं. सवय नाही लागत, रोजचं औषध आहे, बीपीच्या गोळीसारखं. बरं वाटलं म्हणून मायनं दिवाळीनंतर स्वतःच बंद केलं, वरून सोयाबीनच्या मळणीचं भुसकाट आणि थंडी. डिसेंबरात बेडका पिवळा-हिरवा व्हायला लागला, रात्री उशाला टेकून बसून राहायची. पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या आणि अँटिबायोटिक लागलं. त्यानंतर फ्लूची लस घेतली, न्युमोनियाचीही, खरं तर आधीच घ्यायला पाहिजे होती.

फरक किती? गेलेलं फुप्फुस परत येत नाही, ते डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पण श्रावणात देवळापर्यंत तीनदा बसायची, आता एकदा बसती, कधी कधी तेही नाही. रोज संध्याकाळी चालायला लावलंय, सुरुवातीला रुसायची. माझ्याकडून पाचपैकी चार, एक कापला तो त्या न दाखवणाऱ्या मेडिकलमुळं, म्हणजे स्पेसरचा दोष नाहीच तसा.

चूल मात्र पूर्ण सुटली नाही. उज्ज्वलाचा गॅस २०१६ नंतर आमच्याकडंही आला, पण सिलिंडर जपून वापरायचं म्हणून आंघोळीचं पाणी चुलीवरच. चूल अंगणात काढली, पाणी आता वडील तापवतात, धूर घराकडं आला की माय आतून ओरडती.

परवा शेजारची काकू आली, तिलाही खोकला आहे, म्हणली दोन दिवस तुझी फुंकणी दे की. माय म्हणली, "आगं उष्टी हाय ती. आन् आधी मशीनीत फुंकून ये, तुला काय झालंय ते तर कळू दे." काकूनं फोटो तेवढा काढून नेला.