कार्डिनल फ्लॉवर: न्यू जर्सीतल्या अंगणात १६ महिने

गेल्या वर्षी मे महिन्यात या लाल फुलांच्या झाडाची ३ रोपं लावली, आता सप्टेंबर चालू आहे, म्हणजे दोन सीझन बघून झालेत म्हणून लिहितेय. लावली ती फक्त हमिंगबर्डसाठी. त्याआधी फीडर होता, १ वाटी साखरेला ४ वाट्या पाणी, पण उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी तो घासा, परत भरा, नाहीतर आत काळी बुरशी, शिवाय मुंग्या. कंटाळले आणि म्हटलं झाडच लावू.

पक्षी येतात का? येतात, आणि कसले येतात! इकडे अमेरिकेच्या पूर्वेला घरटी करणारी हमिंगबर्डची एकच जात, रूबी-थ्रोटेड, वजन जेमतेम ३ ग्रॅम. आपला शिंजीर निदान फांदीला टेकतो, हा हवेतच उभा राहून पितो. त्याने चोच आत घातली की फुलाच्या वरून खाली वाकलेली पांढरी मिशी असते ना, ती बरोब्बर त्याच्या कपाळाला घासते आणि पराग तिथे चिकटतो. प्रत्येक फूल आधी नर असतं, मग मादी होतं, आणि तुरा खालून वर फुलत जातो, त्यामुळे एकाच दांड्यावर खाली माद्या वर नर असा प्रकार. हे सगळं मी सिंकच्या खिडकीतून बघत बसते आणि दूध उतू जातं.

आता विषाचं. रोपाच्या टॅगवर 'हमिंगबर्ड', 'ओलसर माती' सगळं लिहिलेलं, पण विषारी असल्याबद्दल अवाक्षर नाही, याचा मला खरंच राग आला. हे झाड लोबेलिया कुळातलं, यात लोबेलिन नावाचं विषारी द्रव्य असतं, शरीरावर साधारण निकोटिनसारखं काम करतं. पानं, फुलं, मुळं, काहीच खायचं नाही, खाल्लं तर मळमळ, उलट्या, लाळ, थरथर, जास्त गेलं तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम. आमचं पोरगं तेव्हा २ वर्षांचं, दिसेल ते तोंडात. पहिला विचार आला की उपटूनच टाकू. मग आठवलं की माहेरी दारातच कण्हेर होती, ती तर याहून जहाल, पण तिच्याजवळ गेलो की आजी ओरडायची, तो धाक होता.

म्हणून जागा बदलली. कुंपणाच्या पलीकडच्या अंगाला, छताच्या पन्हाळीचं पाणी जिथे उतरतं तिथे. झाडाला पाय कायम ओले लागतात, त्यामुळे त्याचीही सोय झाली आणि पोराचा हात पोचत नाही. पुदिना, मेथी सगळं दुसऱ्या टोकाला. छाटणी करताना ग्लोव्हज (काहींना चिकाने खाज येते), छाटलेलं लगेच पिशवीत, आणि फ्रिजवर पॉयझन कंट्रोलचा (इथली विषबाधेची हेल्पलाइन) नंबर १-८००-२२२-१२२२, फोन करायची वेळ आली नाही अजून. कीटकनाशक अजिबात मारत नाही, हमिंगबर्ड बारीक किडेही खातात.

तरी दोनदा धाबं दणाणलं. एप्रिलमध्ये जमिनीलगत हिरव्यागार पानांचा गुच्छ येतो, सासूबाई म्हणाल्या, "अगं ही पालेभाजी छान आलीये, खुडू का?" आणि मग गणपतीत. लालभडक तुरे बघून त्यांनी दोन दांडे दूर्वांबरोबर ताटात ठेवले, मोदकांच्या शेजारी, आणि पोरगं प्रसादावर टपून बसलेलं! मी ताट उचललं तर त्या जरा नाराज झाल्या, "कण्हेर नाही का वाहत आपण?" मुद्दा बरोबर होता खरं तर. पण इथे गणपती कॉफी टेबलवर बसतो. शेवटी कुंडीतल्या जास्वंदीवर भागवलं.

माझी खरी फजिती विषाने नाही, पालापाचोळ्याने केली. पहिल्या हिवाळ्यात थंडी लागू नये म्हणून रोपांवर चांगला जाड पाला घातला, आणि तीनपैकी दोन कुजून गेली. या झाडाचा पानांचा गुच्छ हिवाळाभर हिरवा असतो, त्याला उजेड लागतो, हे मला मार्चमध्ये कळलं. उरलेल्या एकाला यंदा चार दांडे आले, जवळपास ४ फूट उंच, म्हणून माफ केलं स्वतःला. आणि टॅगवरच्या 'हरणं खात नाहीत' वर विसंबू नका, एका रात्रीत दोन शेंडे गायब होते, त्यांना बहुतेक टॅग वाचता येत नाही.

झाड तसं अल्पायुषी, म्हणून बिया जमवतेय. धुळीसारख्या बारीक असतात, मातीवर नुसत्या भुरभुरायच्या, झाकायच्या नाहीत, उजेडाशिवाय उगवत नाहीत. खालच्या बोंडी तपकिरी व्हायला लागल्यात. पक्ष्यांमधले नर पुढे निघून गेलेत बहुतेक, लाल गळ्याचा दिसत नाही, काल एकच मादी आली होती, शेंड्याला उरलेल्या चार फुलांवर.