उन्हाळी फुटबॉल कॅम्प: पैसे दोरीतच वसूल झाले

सहा आठवडे, सकाळी साडेसहा ते साडेआठ, फी 3,500 रुपये. कोल्हापुरातल्या या कॅम्पचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि कोच आमच्याच पेठेतला आहे.

आमचं पोरगं अकरा वर्षांचं. पळायला जरा जड, म्हणून शाळेच्या टीमनं त्याला बॅकला, म्हणजे गोलसमोर बचावाला, टाकलेलं, आणि त्याला ती शिक्षाच वाटायची. आपल्याकडं प्रत्येकाला फॉरवर्ड व्हायचं असतं. आपल्या गावचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये खेळला, तोही फॉरवर्डच! मी स्वतः तालमीच्या फुटबॉल टीमकडून चार सीझन स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, खेळलोय. आमच्या वेळी डिफेन्स म्हणजे अंगावर जाऊन टॅकल. शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून शिट्ट्या पडायच्या त्या टॅकललाच. बॉल दुसऱ्या टोकाला असताना नीट जागा धरून उभा राहिलेल्या बॅकला कोण विचारतंय?

या कोचनं नेमकं तेच विचारलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवरचा जुना दोर घेऊन आला. सात-सात पावलांवर गाठी, प्रत्येक गाठीशी एक पोरगं, चौघांच्या हातात एकच दोर. बॉल डावीकडं गेला की चौघांनी डावीकडं सरकायचं, जवळच्यानं पुढं जायचं, बाकीच्यांनी त्याच्या पाठीमागं तिरकं यायचं. दोर जमिनीला लागला तर गर्दी झाली, ताणला तर मध्ये भगदाड. पहिले दोन दिवस नुसती ओढाताण, एकजण तर तोंडावर आपटला. चौथ्या दिवशी कोचनं दोर काढून घेतला, तरी पोरं रिकाम्या मुठी आवळूनच सरकत होती. कट्ट्यावर बसलेले आम्ही आईबाप खो खो हसलो. पण अंतर मात्र बरोबर होतं.

बोलायचे शब्दही ठरलेले. बॉलवर जाणारा ओरडणार 'जातो!', पाठीमागचा म्हणणार 'मागं आहे!' हे ऐकू आल्याशिवाय पुढच्यानं पाय घालायचा नाही. नुसतं आडवं उभं राहून समोरच्याला साइडलाइनकडं रेटायचं, मदत येईपर्यंत. मला हे तिशीत कळलं, तेसुद्धा गुडघा गेल्यावर.

इटलीचा नावाजलेला कोच अरिगो साक्की याची गोष्ट आमचा कोच पोरांना सांगतो. हा माणूस आधी बूट विकायचा, मोठा खेळाडू कधीच नव्हता. त्याच्या मिलान क्लबनं 1989 आणि 1990 असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकले. सरावात तो गोली आणि चार बॅक एका बाजूला ठेवायचा, समोर दहा जण, वेळ पंधरा मिनिटं. त्याच्याच सांगण्यानुसार त्या दहांना एकदाही गोल करता आला नाही. आमच्या कोचनं तेच पाच विरुद्ध आठ करून लावलं. आमच्या पाचांनी सात मिनिटं तग धरली. त्या दिवशी पोरगं घरी आलं ते बॅक असल्याचा रुबाब घेऊनच.

आता तक्रारी. पाचव्या आठवड्यात कोचला ऑफसाइड ट्रॅपची हौस आली, म्हणजे पास सुटायच्या आत सगळ्या बॅकनी एकदम पुढं सरकायचं, की समोरचा फॉरवर्ड त्यांच्या पाठीमागं राहून नियमात अडकतो. एवढ्याशा पोरांना! मैत्रीपूर्ण मॅचला ऑफसाइड बघणारा लाइन्समनच नव्हता. रेफ्री, म्हणजे कुणाचा तरी काका, मध्यावरून हलेना. आमची चौकडी हात वर करून रांगेत पुढं आली आणि समोरच्यांनी रिकाम्या अंगणात तीन गोल घातले. आमचा गोली रडला. त्या बिचाऱ्याकडं तसंही सहा आठवडे कुणी पाहिलं नव्हतं, त्याच्यासाठी वेगळा कोचच नाही. पाठीमागचा माणूसच बोलत नसेल तर चौघांची रांग अर्धी आंधळी असते, हे कोचला मी सांगायचं म्हणजे कमालच. शिवाय मैदानावर पाणी मारत नाहीत, धुळीनं पोरं खोकतात. सुट्टीचा मेसेज सकाळी सहा वाजता येतो, तोवर आपण चौकात पोचलेलो असतो.

तरी पाचपैकी चार देतो. पोरगं डिफेन्समध्ये असेल तर बिनधास्त घाला. गोली असेल तर सध्या नको. दिवाळीच्या बॅचला आमचं पोरगं परत जाणार आहे, फक्त गोलीसाठी कोच ठेवलाय का, ते फी भरण्याआधी विचारणार.