मुलाशी कोण बोलणार: न्यायाधीश, समुपदेशक की मानसतज्ज्ञ?

कौटुंबिक न्यायालयात ताब्याचा दावा सुरू असेल आणि मुलाचं म्हणणं ऐकून घ्यावं असं वाटत असेल, तर ते कोणी ऐकावं हेही अर्जात स्पष्ट लिहा. निर्णय न्यायाधीशांचाच, पण मोघम मागणीवर निर्णयही मोघमच मिळतो.

न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बोलणं हा सरळ मार्ग. आईवडील बाहेर थांबतात. मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर ती विचारात घेता येते, असं 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचं कलम 17(3) सांगतं. त्यात वयाचा आकडा नाही, आणि पसंती मान्य करण्याचं बंधनही नाही. 14 वर्षांच्या मुलीला स्वतःहून काही सांगायचं असेल तर चेंबरच बरं. 6 वर्षांच्या मुलासाठी मी हे मागणार नाही. अनोळखी खोलीत, थोड्या वेळात, ते ज्याच्या घरून आलंय त्याचीच वाक्यं बोलून दाखवतं.

लहान मुलासाठी माझा कौल समुपदेशकाला. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात त्यांची तरतूद आहे. ते मुलाला पुन्हा भेटू शकतात, एकदा आईसोबत, एकदा बाबांसोबत. डबा कोण भरतं, ताप आला की कोण जागतं, शाळेतलं भांडण घरी कोणाला सांगतोस, अशा प्रश्नांतून घर उलगडतं. "आई हवी की बाबा?" असं तोंडावर विचारणारा समुपदेशक मात्र कच्चाच. आणि एक गैरसमज: हे बोलणं गुपित राहतं. पेरी कन्सागरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं, की ताब्याच्या वादात मध्यस्थीची गोपनीयता समुपदेशकाच्या अहवालाच्या आड येत नाही. म्हणून "कुणाला कळणार नाही" असं वचन मुलाला देऊ नका.

बालमानसतज्ज्ञाकडे खर्च आणि वेळ दोन्ही जास्त. छळाचा संशय असेल किंवा मूल एका पालकाचं नावही काढू देत नसेल, तरच तिकडे वळा. तोही कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 12 खाली न्यायालयाकडूनच मागा. तुम्ही पैसे देऊन आणलेल्या तज्ज्ञाच्या अहवालावर समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात बोट ठेवेल.

कोणताही पर्याय घ्या, त्या दिवशी मुलाला कोण घेऊन येणार हे आधी ठरवून घ्या. जमलं तर दोघांनाही चालेल अशा नातेवाइकाचं नाव सुचवा.