दोन दिवस आणि एक गाडी: कच्छचं रण की जैसलमेरची वाळू?

शुक्रवारी दुपारच्या चहाला कुणीतरी म्हणतं, "चला, वाळवंटात जाऊ," आणि संध्याकाळी पिशव्या डिकीत पडतात. बडोद्यात आमच्या घरी हे बरेचदा झालंय. वाद फक्त एकच होतो, कच्छ की जैसलमेर? दोन्हीकडे गाडी नेली आहे, म्हणून सरळच सांगते: सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचं असेल तर कच्छ.

मुख्य कारण अंतर. बडोद्याहून भुज साडेचारशे किलोमीटरच्या आत आहे, जैसलमेर सहाशेच्या वर. शुक्रवारी संध्याकाळी निघून कच्छच्या वेशीवरच्या सामखियाळीच्या आसपास झोपलं, तर शनिवारी सकाळी ताजेतवाने होऊन भुजमध्ये दाबेली खाता येते. जैसलमेरला पोचेपर्यंत शनिवारची दुपार उलटते आणि रविवारी पहाटेच परतीला लागावं लागतं. एका संध्याकाळसाठी बाराशे किलोमीटर गाडी हाकणं मला तरी पटत नाही.

शिवाय कच्छमध्ये रस्ता हेच पाहण्याचं ठिकाण आहे. भुजहून खावडा सत्तरेक किलोमीटर. वाटेत भिरंडियाराला रणाचा परवाना मिळतो (ओळखपत्र जवळ ठेवा) आणि तिथलाच दुधाचा मावाही बांधून घ्यावा. धोरडोचं मिठाचं पांढरं रण संध्याकाळी बघून रात्री खावड्याकडे राहायचं आणि रविवारी उजाडताच धोळावीरेकडे निघायचं. पूर्वी भुजहून धोळावीरेला भचाऊ-रापरचा दोनशे किलोमीटरहून मोठा वळसा पडायचा. आता खावड्याहून थेट रस्ता आहे आणि त्यातला तीसेक किलोमीटरचा पट्टा रणाच्या मधोमध जातो. पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंना पाणी, जानेवारीत दोन्ही बाजूंना मीठ. गाडी कडेला घेऊन चार पावलं खाली उतरलं की मिठाचा पापुद्रा पायाखाली कुरकुरतो. टाच जरा दाबली की खालून काळपट, ओला चिखल वर येतो. म्हणूनच डांबर सोडून गाडी आत घालण्याचा मोह टाळा. वरून कोरडं दिसलं तरी चाक रुततंच.

रस्ता संपतो तिथे खडीर बेट आणि धोळावीरा. २०२१ साली युनेस्कोच्या यादीत आलेलं हे हडप्पाकालीन नगर मला कुठल्याही किल्ल्यापेक्षा जास्त हलवतं. मानसर आणि मनहर या दोन ओढ्यांवर बांध घालून, पावसाचं पाणी हौदांत वळवून माणसांनी इथे शहर वसवलं. खडकात खोदलेल्या त्या कोरड्या हौदाच्या काठावर उभं राहिलं की आपल्या गाडीतल्या पाण्याच्या कॅनकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. परतताना रापरमार्गे निघालं की आल्या वाटेने जावं लागत नाही.

आणखी एक, शनिवारी थोडा वेळ काढून काळ्या डुंगरावर जा. कच्छमधला हा सगळ्यात उंच डोंगर. वर दत्ताचं देऊळ आहे आणि तिथला प्रसाद कोल्ह्यांना घालायची प्रथा आहे. आपल्याकडे दत्ताच्या पायाशी श्वान असतात, इथे कोल्हे. मला ते फार जवळचं वाटलं.

मग जैसलमेर कुणासाठी? ज्यांच्या मनात वाळवंट म्हणजे वाळूच, त्यांच्यासाठी. कच्छच्या रणात वाळूच्या टेकड्या नाहीत. लहान मुलं त्याच अपेक्षेने निघाली असतील तर मीठ पाहून हिरमुसतात. जैसलमेरला सोमवारची सुट्टी जोडून तीन दिवस द्या. १९७१ची लढाई झालेलं लोंगेवाला आणि तनोटचं देऊळ मग त्यात बसतात. ११५६ साली वसलेला किल्ला आहेच आणि त्यात आजही लोकांचे संसार आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळताहेत. वाळूसाठी सम हे गाव जवळ आहे, पण तिथे जीपा आणि स्पीकर फार. मी खुडी गावाकडची वाळू निवडेन. पहाटे वाळू गार असते आणि भुंग्यांच्या पावलांची नक्षी अजून मोडलेली नसते.

तिकडेही गाडी डांबरावरच ठेवा. समजवळ दुसऱ्या कुणाच्या चाकांच्या खुणांवरून आम्ही पन्नास फूट आत गेलो आणि पुढची चाकं अर्धी गाडली गेली. हवा कमी केली, पायपुसणी चाकाखाली सरकवली, शेवटी ट्रॅक्टरनेच ओढलं. त्यात दोन तास आणि सूर्यास्त गेला.

ऋतूचं गणित मात्र कच्छच्या विरोधात जाऊ शकतं. ऑक्टोबरमध्ये रणात बहुधा पाणीच असतं, पांढरं काही दिसत नाही. तेव्हाच सुट्टी असेल तर धोळावीरेचा रस्ता करा आणि धोरडो सोडा. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. उन्हाळ्यात दोन्हीकडे जाऊ नका.

कच्छ ठरलंच तर भुजमध्ये टाकी भरून घ्या आणि अंधारात बन्नीच्या गवताळ पट्ट्यातून गाडी पळवू नका. तिथल्या म्हशी रात्री चरायला निघतात. काळ्या रस्त्यावर काळी म्हैस दिव्यांच्या उजेडात अगदी जवळ आल्यावर दिसते, तीही फक्त डोळ्यांच्या दोन ठिपक्यांनी.