रोव्हर आज कुठे आहे? नासाच्या मंगळ-नकाशाचं परीक्षण, ठाणे-नवी मुंबईतल्या विज्ञान मंडळांसाठी

नासाची चाकांवर चालणारी यंत्रगाडी, पर्सिव्हिअरन्स रोव्हर, १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरली. तेव्हापासूनचा त्याचा मार्ग नासाच्या संकेतस्थळावर एका नकाशात पाहता येतो. पैसे नाहीत, नोंदणी नाही. शेजारीच रोव्हरने पाठवलेल्या कच्च्या छायाचित्रांचं दालन आहे. हे परीक्षण दोन्हींचं मिळून आहे, कारण नुसत्या नकाशावर एक रेघ आणि काही ठिपके दिसतात. रोव्हर तिथे का वळला, का थांबला, हे छायाचित्रं जोडल्याशिवाय कळत नाही.

ठाण्यात किंवा वाशी-नेरुळला शाळेचं विज्ञान मंडळ चालवणाऱ्यांना ही सेवा फार उपयोगी आहे. दुर्बिणीने मंगळ दाखवायचा तर शहराचा उजेड आड येतो आणि जून ते सप्टेंबर ढग. इथे बाराही महिने जवळजवळ रोज नवं काही पाहायला मिळतं.

आधी नकाशा. त्याचा पाया म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर या यानाच्या हायराइज कॅमेऱ्याने वरून टिपलेली जमीन, एका पिक्सेलला साधारण २५ सेंटीमीटर. ३ मीटर लांबीचा रोव्हर या हिशेबाने जेमतेम १२ पिक्सेलचा. ही चित्रं रोव्हर उतरण्याआधीची असल्यामुळे त्यात ना रोव्हर सापडतो, ना चाकांच्या खुणा. रोव्हर म्हणून दिसतं ते वर ठेवलेलं चिन्ह. मुलं नेमकं हेच पहिल्यांदा विचारतात, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकावं. रोव्हरसोबत गेलेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरचा मार्गही याच नकाशावर आहे. एप्रिल २०२१ ते जानेवारी २०२४ या काळातली त्याची ७२ उड्डाणं रोव्हरच्या रेघेशी ताडून पाहण्यासारखी आहेत.

अंतर मोजताना एक चूक हमखास होते. दोन थांब्यांमध्ये सरळ पट्टी लावली की येणारं अंतर खऱ्यापेक्षा कमी भरतं, कारण रोव्हर दगड चुकवत वाकडातिकडा जातो. एकूण प्रवासाचा आकडा हवा असेल तर थांब्याच्या नोंदीतलं, म्हणजे ठिपक्यावर दाबल्यावर दिसणाऱ्या माहितीतलं, अंतर घ्यावं. मुलांना प्रमाण समजायला बोरीबंदर-ठाणे हे माप चांगलं: १८५३ साली पहिली रेल्वे धावली ते सुमारे ३४ किलोमीटर. तेवढं जायला पर्सिव्हिअरन्सला साधारण चार वर्षं लागली.

आता या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग. छायाचित्राची जागा नकाशावर शोधायची किल्ली फाइलच्या नावातच असते. नावाची पहिली दोन अक्षरं कॅमेरा सांगतात. एनएल आणि एनआर म्हणजे डावा-उजवा नॅव्हकॅम (वाट ठरवण्याचे कॅमेरे), झेडएल आणि झेडआर म्हणजे मास्टकॅम-झेड या झूम कॅमेऱ्यांची जोडी, एफएल-एफआर म्हणजे पुढचे हॅझकॅम (जवळचे अडथळे पाहणारे कॅमेरे). त्यानंतरचे चार आकडे सोलचे, म्हणजे मंगळावरच्या दिवसाचे. पुढे यानाच्या घड्याळाचे दहा आकडे. मग नावाच्या मध्यावर एन अक्षराला चिकटून सात आकडे येतात, त्यांतले पहिले तीन साइट (मार्गाचा एक टप्पा) आणि पुढचे चार ड्राइव्ह (त्या टप्प्यातल्या हालचालींची मोजणी). एन००३१४१६ असेल तर साइट ३, ड्राइव्ह १४१६. हीच जोडी नकाशावरच्या थांब्याच्या नोंदीत शोधली की रोव्हर नेमका कुठे उभा होता ते सापडतं. ड्राइव्ह १४१६ म्हणजे १४१६ वा प्रवास नव्हे. हा आकडा चाकांच्या प्रत्येक हालचालीबरोबर वाढतो आणि साइट बदलली की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. वाटेत काढलेल्या छायाचित्राला जुळणारा थांबा मिळणार नाही. अशा वेळी आधीचा आणि नंतरचा थांबा घेऊन जागा त्या दोहोंच्या मध्ये धरावी. हे एकदा जमलं की मुलं तासभर नकाशासमोरून हलत नाहीत.

सोलचा हिशेबही नीट ठेवावा लागतो. उतरण्याचा दिवस पर्सिव्हिअरन्स आणि क्युरिऑसिटीसाठी सोल ० आहे, पण स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी या नासाच्या आधीच्या रोव्हरसाठी सोल १ होता. एक सोल २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा असल्यामुळे जेझेरोतली दुपार आपल्याकडे रोज सुमारे ४० मिनिटं उशिरा होते आणि ३६-३७ दिवसांनी पुन्हा त्याच वेळेवर येते. छायाचित्राखाली दिलेली वेळ मंगळाची स्थानिक वेळ असते. तिच्यात साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ निघत नाही.

छायाचित्रं उतरवून घेताना दोन अडचणी येतात. यादीतल्या चित्रावर बोट दाबून ते साठवलं तर ३२० पिक्सेलची छोटी प्रत मिळते. चित्राचं स्वतंत्र पान उघडून पूर्ण आकाराची पीएनजी फाइल घ्यावी, आणि शोधताना लघुचित्रं वगळण्याचा पर्याय निवडावा. दुसरी अडचण नॅव्हकॅमची. त्याचं पूर्ण चित्र ५१२० गुणिले ३८४० पिक्सेलचं, पण ते १२८० गुणिले ९६० च्या तुकड्यांत येतं, पुरे १६ तुकडे. एकच तुकडा पाहून ‘एवढंच दिसलं?’ असं वाटतं. ह्युजिन नावाच्या फुकट प्रणालीत तुकडे जुळवता येतात. कधी काही तुकडे काही सोल उशिरा येतात, त्यामुळे जोडणीची घाई करू नये. मास्टकॅम-झेडची काही चित्रं काळी-पांढरी दिसतात ती अरुंद फिल्टरमधून घेतलेली असतात, खराब नसतात.

एनएल आणि एनआरची एकाच क्षणाची जोडी मिळाली की लाल-निळ्या चष्म्याचं चित्र घरी करता येतं. दोन्हींचे घड्याळाचे आकडे जुळतात का ते आधी पाहावं. गिंप या चित्र-संपादन प्रणालीत डाव्या चित्राचा लाल थर ठेवावा आणि उजव्याचे हिरवा व निळा. दोन नॅव्हकॅममधलं अंतर ४२.४ सेंटीमीटर, माणसाच्या डोळ्यांतल्या अंतराच्या कितीतरी पट, म्हणून खोली वाढवून दिसते आणि लहान खड्डाही दरीसारखा वाटतो. हे मुलांना सांगून ठेवावं, नाहीतर उतारांचे अंदाज चुकतात.

इतकी तयारी झाली की रेघ बोलू लागते. उतरण्याच्या जागेपासून प्राचीन, आता कोरड्या नदीच्या त्रिभुज प्रदेशाचा कडा साधारण २ किलोमीटरवर होता, तरी रेघ आधी दक्षिणेला जाते. मध्ये सेईता नावाचा वाळूच्या लाटांचा पट्टा आहे. तो सरळ ओलांडला असता तर चाकं रुतण्याचा धोका होता. रोव्हरने दक्षिणेकडून त्याच्या काठावर काम केलं, मग त्याच वाटेने परतून उत्तरेकडून वळसा घातला. मार्च-एप्रिल २०२२ मधली ती लांब, जवळजवळ न थांबलेली रेघ ३१ सोलांत ५ किलोमीटरची आहे. ठिपके विरळ असले की प्रवास आणि दाटले की खडकावर काम, हे इथे फार स्पष्ट दिसतं. २०२४ च्या उत्तरार्धातली विवराच्या कडेवरची चढणही अशीच वाचावी. सैल वाळू-धुळीत चाकं घसरत होती, ठरवलेलं अंतर पुरं होत नव्हतं, म्हणून उलट चालून, नागमोडी चढून पाहिलं गेलं. सुमारे ५०० मीटर चढून डिसेंबर २०२४ मध्ये रोव्हर माथ्यावर पोचला. हे कारण मात्र नकाशावर कुठेच लिहिलेलं नाही, ते मोहिमेच्या वेगळ्या निवेदनांतून शोधावं लागतं. आमच्या मते या सेवेतली ही खरी उणीव आहे. थांब्याच्या नोंदीला त्या दिवसाच्या निवेदनाचा दुवा जोडला असता तर पाचपैकी पाच गुण दिले असते. आता चार.

नकाशा रोव्हर हलल्याच्या क्षणी बदलत नाही. माहिती बहुतेक वेळा मंगळाभोवतीच्या यानांमार्फत येते आणि रोव्हरची जागा वरच्या चित्रांशी ताडून मग ठिपका पडतो. एकदोन दिवस उशीर गृहीत धरावा. फोनवर नकाशा चालतो, पण माहितीची चौकट अर्धा पडदा खाते, तेव्हा वर्गात लॅपटॉप आणि प्रोजेक्टरच बरा.

भिंतीवरचा नकाशा हवा असेल तर नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या कुठल्याही प्लॉटर छपाईवाल्याकडे ए१ आकार मागावा. १ सेंटीमीटरला ५० मीटर असं प्रमाण ठेवलं तर कागदावर सुमारे ४.२ गुणिले ३ किलोमीटर जमीन मावते, म्हणजे उतरण्याची जागा आणि त्रिभुज प्रदेशाचा कडा एकाच पानावर येतात. एकच पडदाचित्र (स्क्रीनशॉट) मोठं करून छापलं तर फुटतं. नकाशा मोठा करून तुकड्यातुकड्यांनी पडदाचित्रं घ्यावीत आणि जोडावीत. रोजच्या थांब्यासाठी रंगीत टाचण्या वापराव्यात.

साधारण २६ महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो आणि सुमारे दोन आठवडे रोव्हरला आज्ञा पाठवणं थांबतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये हे झालं, जानेवारी २०२६ मध्येही. त्या काळात ठिपका हलत नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाचं प्रदर्शन असेल तर लागणारी छायाचित्रं आणि नकाशाचे तुकडे निदान आठवडाभर आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावेत, कारण शाळेच्या सभागृहात नेटचा भरवसा धरता येत नाही.