तीन पुडांचा स्टीलचा कडीचा डबा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

कचेरीत रोज घरचा डबा न्यायचा, हा संकल्प मी गेल्या सहा-सात वर्षांत किमान चार वेळा सोडला आणि दर वेळी दोन महिन्यांच्या आत कँटीनच्या थाळीवर परतलो. दोष माझ्या आळसाचा असावा, असे मला वाटत असे आणि घरच्यांची तर त्याबद्दल खात्रीच होती. चौदा महिन्यांपूर्वी पुण्यात रविवार पेठेतील भांड्यांच्या एका दुकानातून तीन पुडांचा, वरून कडीने आवळला जाणारा साधा स्टीलचा डबा घेतला, आणि तेव्हापासून सुट्या व आजारपणाचे दिवस सोडले तर डबा चुकलेला नाही. स्वस्त आणि सकस जेवण नेण्याच्या खटाटोपात पाककृतींना जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे भांड्याला दिले जात नाही, असे माझे आता मत झाले आहे, आणि म्हणून त्या भांड्याचे हे परीक्षण थोडे सविस्तर लिहितो.

आधीच्या दोन डब्यांबद्दल सांगितल्यावाचून या डब्याची बाजू नीट समजणार नाही. पहिला डबा जेवण गरम ठेवणारा, दुहेरी भिंतीचा होता. सकाळी सव्वाआठला भरलेली भाजी दुपारी दीड वाजता त्यात कोमट राही, हे खरे. परंतु त्याच उबेत पोळ्यांना घाम फुटे, झाकणाखाली साठलेले पाणी त्यांच्यावर ठिबके आणि वरची पोळी लगद्यासारखी हाती येई. शिवाय अन्न धड गरम नाही आणि धड गारही नाही अशा अवस्थेत पाच तास ठेवणे तब्येतीला चांगले नाही, कारण जंतूंची वाढ नेमकी अशाच कोमट उबेत झपाट्याने होते. दुसरा डबा प्लास्टिकचा, चारही बाजूंनी खटके असलेला होता. तो गळत नसे, पण तिसऱ्या आठवड्यात हळदीने पिवळा झाला आणि लसणाच्या फोडणीचा वास त्यात असा मुरला की सोमवारी नेलेल्या शिऱ्यालाही शुक्रवारच्या उसळीची आठवण राहिली. त्याचा एक खटका मोडल्यावर सुटा खटका मिळत नाही, असे दुकानात सांगण्यात आले.

स्टीलच्या डब्याला मला 780 रुपये पडले. रिकाम्या डब्याचे वजन घरच्या काट्यावर 640 ग्रॅम भरले. प्रत्येक पुडात वाटीने मोजून घातलेले साधारण 400 मिलिलिटर पाणी काठोकाठ मावते, म्हणजे व्यवहारात साडेतीनशे धरावे. पुडाचा व्यास इतका आहे की मध्यम आकाराच्या तीन पोळ्या चौघडी घालून नीट बसतात, भाकरी मात्र मोडून घालावी लागते. दुकानदाराने डब्याला लोहचुंबक लावून दाखवला, तो चिकटला नाही, आणि स्टील उत्तम प्रतीचे असल्याचे त्याने तेवढ्यावर जाहीर केले. ही परीक्षा अर्धवट आहे. 304 प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते व त्याला चुंबक सहसा धरत नाही. पण निकेल कमी आणि मँगनीज जास्त असलेल्या स्वस्त 202 प्रतीलाही तो तसाच धरत नाही. त्यामुळे चुंबकाने फार तर अगदी हलका माल वगळता येतो, या दोहोंतला फरक कळत नाही. माझ्या डब्याच्या तळावर 304 हा आकडा ठसवलेला आहे आणि पुडांच्या आत आजवर डाग पडलेला नाही. बाजूच्या खिट्ट्यांचे स्टील मात्र वेगळे निघाले. त्यांना चुंबक चटकन चिकटतो, आणि नवव्या महिन्यात एका खिट्टीच्या रिव्हेटपाशी मोहरीएवढा गंजाचा ठिपका दिसला. दुकानात चुंबक फिरवण्यात आला तो फक्त पुडांवर, हे मला घरी आल्यावर लक्षात आले.

आता गळतीविषयी. कडीच्या डब्याची सगळी रचना तो हातात उभा धरून न्यायचा, या गृहीतावर बेतलेली आहे. मुंबईचे डबेवाले 1890 पासून डबे पोहोचवत आहेत, आणि त्यांच्या डोक्यावरच्या लाकडी पाटीत किंवा सायकलीला टांगलेला डबा उभाच असतो. माझ्यासारखा कर्मचारी मात्र तो लॅपटॉपच्या पिशवीत कोंबतो आणि पीएमपीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर आडवी घेऊन बसतो. पहिल्याच आठवड्यात सिंहगड रस्त्यावर एका गतिरोधकाने माझी कढी पिशवीच्या अस्तरापर्यंत पोहोचवली. तपासून पाहिल्यावर कळले की सिलिकॉनची रिंग फक्त सर्वांत वरच्या झाकणाला आहे; खालचे दोन पूड वरच्या पुडाच्या बुडाने झाकले जातात आणि तेथे स्टीलवर स्टील टेकते, मध्ये काही नाही. तेव्हापासून दोन नियम पाळतो. रसाचा पदार्थ नेहमी वरच्या, रिंग असलेल्या पुडात जातो, आणि डबा वेगळ्या कापडी पिशवीत उभा नेला जातो. कडी आवळताना डाव्या आणि उजव्या खिट्ट्या एकदमच दाबाव्या लागतात. एक आधी लावली की वरचे झाकण केसभर तिरके बसते, ते डोळ्यांना दिसत नाही आणि आमटीला बरोबर कळते. या बाबतीत डब्याला मी पाचपैकी तीनच गुण देईन, कारण पाचपन्नास रुपये वाढवून उत्पादकाने तिन्ही पुडांना रिंगा दिल्या असत्या तर कोणीही तक्रार केली नसती.

परंतु याच उणिवेमुळे माझ्या जेवणाला शिस्त लागली. पातळ पदार्थांची चैन संपली, आणि अंगाबरोबर रस असलेली उसळ, परतलेली पालेभाजी, झुणका, पीठ पेरलेली सिमला मिरची किंवा मुळ्याचा पाला, डाळ घातलेली दोडक्याची भाजी, असे कोरडे किंवा लपथपीत पदार्थ नेमाने होऊ लागले. एका पुडात पोळ्या, दुसऱ्यात उसळ किंवा डाळीचा पदार्थ, तिसऱ्यात भाजी, अशी विभागणी असल्यामुळे पोळी आणि बटाटा एवढ्यावर डबा उरकण्याची सोय राहत नाही. रिकामा पूड सकाळी डोळ्यांपुढे उभा असतो आणि त्यात काहीतरी घालावेच लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली. त्यांतल्या नमुन्याच्या ताटात जवळजवळ निम्मा भाग भाज्या आणि फळांचा आहे. तीन पुडांपैकी एकच भाजीचा ठेवून हे प्रमाण साधत नाही, म्हणून सोबत एक अख्खी काकडी, गाजर किंवा पेरू ठेवतो. कोशिंबीर डब्यात नेण्याचा नाद सोडला, कारण मीठ लागले की काकडीला पाणी सुटते आणि दुपारी कोशिंबिरीऐवजी कूट तरंगणारे पाणी प्यावे लागते.

उसळीची तयारी शनिवारी रात्रीपासून होते. अर्धा किलो मटकी रात्रभर भिजत घालायची, रविवारी सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात आणि वजन दुपटीहून अधिक भरते. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या थंडीत मटकी दोन दोन दिवस हलत नाही, तेव्हा ती पुरचुंडी मी त्या जुन्या, जेवण गरम ठेवणाऱ्या डब्यात ठेवतो, आणि मोड दुसऱ्या दिवशी हजर असतात. इतक्या पैशांत मटकीला मोड आणण्याचे यंत्र महागच पडले, पण निदान ते वाया गेले नाही. मोड आलेल्या मटकीचे तीन वाटे करून फ्रिजमध्ये ठेवतो, आठवड्याचे उरलेले दोन दिवस मूग, हरभऱ्याची डाळ किंवा उकडलेली अंडी असतात. कोरड्या मटकीच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 23 ग्रॅम प्रथिने असतात. माझ्या वाट्याला 45 ग्रॅम मटकी येते, म्हणजे उसळीतून दहा ग्रॅम आणि तीन पोळ्यांतून आणखी सात-आठ ग्रॅम प्रथिने मिळतात. उसळीवर जेवताना पिळायला लिंबाची फोड वेगळी नेतो, कारण क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातले लोह अंगी लागण्यास मदत होते. याउलट जेवणापाठोपाठचा चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो, म्हणून कचेरीतला दोनचा चहा साडेतीनवर ढकलला आहे. हा त्याग डब्यापेक्षा कठीण गेला.

स्टीलच्या डब्यात पोळी चांगली राहण्यासाठी ती गार करून भरावी लागते. तव्यावरून उतरलेल्या पोळ्या मी जाळीवर दहा मिनिटे पसरून ठेवतो, मग थोडे तूप लावून घडी घालतो आणि पुडाच्या तळाशी सुती फडक्याचा चौकोन अंथरून वर त्याचेच टोक दुमडतो. वाफेचा उरलासुरला दमटपणा फडके शोषून घेते. ज्वारीची भाकरी कितीही मन लावून थापली तरी दीड वाजेपर्यंत वातड होते, त्यामुळे भाकरीच्या दिवशी त्याच पिठात थोडे बेसन, कांदा, कोथिंबीर घालून धपाटे करतो, ते टिकतात. भात नेणे मी जवळजवळ बंद केले आहे, कारण शिजवलेला भात तासन् तास साध्या तापमानाला ठेवणे सुरक्षित नाही. अपवाद दहीभाताचा, तोही थंडीच्या दिवसांत: कोमट भातात दूध आणि चमचाभर दही घालून, तासभरात गार होऊ देऊन नेला की दुपारपर्यंत तो न आंबता हवा तसा विरजतो. ओल्या खोबऱ्याचे वाटण मार्च ते जून वर्ज्य; त्या काळात ते दुपारपर्यंत विटते आणि डबा उघडताच शेजारच्या टेबलालाही समजते. त्याऐवजी सुके खोबरे, शेंगदाण्याचे कूट, किंवा कारळ्याची चटणी. चटणीसाठी एक छोटी डबी या डब्याबरोबर फुकट मिळते. ती डबी भाजीच्या पुडात बसते, आणि एकूण खरेदीतली ही मला सर्वांत आवडलेली वस्तू आहे.

खर्चाचा हिशेब मी पहिल्या महिन्यात वहीत लिहिला. आमच्या भागातल्या त्या वेळच्या भावाने मटकी सहा रुपये, तीन पोळ्यांचे पीठ चार, भाजी दहा, तेल, कूट, कांदा आणि मसाला मिळून सहा, काकडी किंवा पेरू पाच, आणि गॅसचे अदमासे दोन, असे एका डब्याला 33 रुपये पडले. कँटीनची थाळी 110 रुपयांची होती. रोजचे 77 रुपये वाचतात असे धरले तर डब्याची किंमत अकराव्या दिवशी वसूल होते. माझ्या सकाळच्या वेळाची किंमत मात्र मी यात धरलेली नाही. भाज्या आदल्या रात्री चिरून ठेवूनसुद्धा सकाळची चाळीस मिनिटे जातात, आणि घरात दोन डबे असल्यामुळे तेवढ्याच वेळात दोघांचे होते, एवढेच समाधान.

स्टीलच्या डब्याची सर्वांत मोठी अडचण म्हणजे तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही. आमच्या कचेरीत मायक्रोवेव्ह आहे, त्यासमोर दीड वाजता रांग लागते, आणि मी चिनी मातीची एक खोलगट ताटली खणात ठेवलेली आहे. उसळ तीत काढून गरम करून घेतो. ज्यांना पूर्ण जेवण वाफाळतेच हवे असते, त्यांनी हा डबा घेऊ नये. धुण्याच्या बाबतीत पूड उत्तम आहेत, तेलकटपणा एका हाताने निघतो, वास राहत नाही. कडी जिथे खालच्या पट्टीला जोडलेली आहे, त्या बिजागरीत मात्र झुणक्याचे कण अडकतात आणि आठवड्यातून एकदा जुन्या दात घासण्याच्या ब्रशने ते काढावे लागतात. ओला राहिला की गंज तेथूनच सुरू होतो, हे आता ठाऊक झाले आहे.

जो बसने, लोकलने किंवा चालत जातो आणि हातात वेगळी पिशवी धरायला ज्याची ना नाही, त्याने हा डबा निःशंक घ्यावा. दुचाकीवर पाठीला पिशवी लावून जाणाऱ्याने याच दुकानात मिळणारा, चार बाजूंच्या क्लिपांचा आणि प्रत्येक झाकणाला रिंग असलेला चपटा स्टीलचा डबा पाहावा. माझ्या सहकाऱ्याकडे तो आहे आणि त्याची आमटी अजून बाहेर आलेली नाही, मात्र त्यात पोळ्या चुरगळतात अशी त्याची तक्रार असते. घेताना चुंबक खिट्ट्यांना आणि कडीलाही लावून पाहावा, डब्यात पाणी भरून तो काउंटरवर आडवा करून दाखवायला सांगावे. माझ्या डब्याची रिंग बाराव्या महिन्यात सैल झाली. दुकानात तिच्या जोडीची रिंग तीस रुपयांना मिळाली, परंतु पुढच्या खेपेला हेच माप येईल की नाही, याची हमी दुकानदाराने दिली नाही, म्हणून तेव्हाच आणखी तीन घेऊन ठेवल्या आहेत.